विटेचा शेक आणि डॉक्टरांचा अंगठा

मागच्या दिवाळीत आमच्या ओट्यावर गॅसच्या शेजारी एक वीट येऊन बसली. खरीखुरी, बांधकामाची, लाल. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आणून दिली, म्हणाल्या चांगली तापव, वर रुईचं पान ठेव, त्यावर टाच टेकव, सात दिवसांत दुखणं पळतं की नाही बघ. सात दिवसांचे सात महिने झाले. रुईची पानं आमच्याकडे आधी फक्त शनिवारी मारुतीला जायची, मग रोज रात्री माझ्या टाचेला जायला लागली. शेक घेताना बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू, पण सकाळी परत तेच. पलंगावरून उतरून उजवा पाय टेकला की टाचेत कुणीतरी दाभण खुपसल्यासारखी कळ, भिंत धरून बाथरूमपर्यंत जायचं. मग दहा-पंधरा पावलं झाली की जरा मोकळं व्हायचं आणि मी विसरून जायचे. शाळेत ऑफ तासाला स्टाफरूममध्ये बसून उठलं की परत तीच कळ, परत दहा पावलं लंगडायचं. पोरं हुशार असतात, नववी ब मध्ये माझ्या लंगडण्याची नक्कल करणारा एक होता आणि तो ती अगदी बरोबर करायचा.

मी साताऱ्यात हायस्कूलला मराठी शिकवते, वय ४६, वजन सांगणार नाही. दुखणं सुरू झालं त्याच्या आधीच्या गणपतीत. दहा दिवस ओट्यापुढे उभं राहून झालं, म्हटलं दमणूक आहे, जाईल. गेलं नाही. मग सगळ्यांची मतं सुरू झाली. शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितलं टाचेचा काटा आहे. जाऊबाई म्हणाल्या काशाच्या वाटीने तळपाय घास. नवरा म्हणाला वजन कमी कर (त्याचं पोट कुणी बघायचं). आणि सगळ्यांचं मिळून एकमत की टाचेचं हाड वाढलंय.

तर पहिले डॉक्टर. नाव-गाव काही सांगत नाही, मोठं हॉस्पिटल, भरपूर गर्दी, दोन तास बसल्यावर नंबर. मी आत जाऊन बसायच्या आधीच त्यांनी विचारलं काय होतंय, मी म्हटलं टाच दुखते, आणि माझं वाक्य संपायच्या आत एक्सरेची चिठ्ठी हातात. एक्सरे आणि वर रक्ताच्या तपासण्यांचं एक पॅकेज. पाय त्यांनी बघितलाच नाही, म्हणजे मी चप्पल काढलीच नव्हती. एक्सरे बघून म्हणाले हाड वाढलंय, हे बघा, आणि खरंच टाचेच्या हाडाच्या खाली पुढच्या बाजूला एक बारीक चोच दिसत होती, कोंबड्याच्या पायाला मागे असतो ना तसा काटा. ते बघून मला एकदम पटलं, एवढं टोकदार काही आत असल्यावर टोचणारच की. शिवाय युरिक ॲसिड ६.४ आलं होतं, रिपोर्टमध्ये ठळक अक्षरात बाण वर केलेलं, तर म्हणाले हे पण वाढलंय, डाळी बंद, आणि गोळ्या. मी दोन महिने डाळ खाल्ली नाही. मराठी माणसाला वरण-भात बंद म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. टाच तशीच.

पेनकिलर घेतली की चार दिवस बरं, मग परत. मग टाचेत इंजेक्शन घ्या असं निघालं, ते म्हणे फार दुखतं, तर मी घाबरून जायचंच सोडलं आणि वीट आणली. म्हणजे विटेपर्यंत मी अशी आले.

दुसऱ्या डॉक्टरांकडे मी गेले ती जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी. आमच्या एका मॅडमनी सांगितलं म्हणून. साधा दोन खोल्यांचा दवाखाना, ऑर्थोपेडिकच, पण हे पावलाची कामं जास्त बघतात. आपल्याकडे फक्त पावलाचा वेगळा डॉक्टर असा सहसा मिळत नाही, हाडाच्या डॉक्टरांकडेच जावं लागतं. मी फाईल पुढे केली, एक्सरेचं मोठं पाकीट वगैरे. त्यांनी ते पाकीट घेतलं आणि न उघडता टेबलाच्या कडेला ठेवून दिलं. म्हणाले हे नंतर बघू, आधी तुम्ही सांगा. कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा.

एका बोटाने. मी आधी पूर्ण पंजाने टाच धरून दाखवली, तर म्हणाले नाही, एकच बोट, जिथे सगळ्यात जास्त आहे तिथे. मी बोट फिरवत फिरवत टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, जिथे टाच संपून तळपायाची कमान सुरू होते तिथे आणून ठेवलं. नऊ महिने दुखत होतं आणि नेमकं कुठे ते मी स्वतःच पहिल्यांदा बघितलं, कमाल आहे ना.

मग प्रश्न. इतके प्रश्न मला लग्न ठरताना पण विचारले नव्हते. सकाळी पहिल्या पावलाला जास्त की संध्याकाळी? चालून कमी होतं की वाढतं? रात्री झोपेतून उठवतं का? आग होते का, मुंग्या येतात का? सूज आलेली, लाल झालेली आठवते का? एकच टाच की दोन्ही? कंबर दुखते का, सकाळी अंग आखडतं का, किती वेळ? शुगर आहे का, घरात कुणाला आहे का? मला वाटलं हे सगळं फॉर्म भरल्यासारखं चाललंय, पण मी मास्तरीण, मला राहवलं नाही, विचारलं की रात्रीचं कशाला विचारताय. तर त्यांनी नीट सांगितलं, म्हणजे मला जेवढं कळलं तेवढं सांगते. पहिल्या पावलाला कळ आणि मग चालून मोकळं, असं असेल तर तळपायाखालचा जो जाड पट्टा असतो, टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला, त्याचं दुखणं असण्याची शक्यता जास्त. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडून बसतो, सकाळी एकदम अंगाचा भार आला की ताणला जातो. याउलट चालून चालून वाढत जाणारं आणि बसल्यावर थांबणारं दुखणं असेल तर हाडाला बारीक चीर आहे का हे बघावं लागतं. झोपेत पण ठणकत असेल तर त्यांचे कान टवकारतात, इन्फेक्शन, क्वचित गाठ वगैरे. आग आणि मुंग्या म्हणजे नस. आणि तरुण माणसाच्या दोन्ही टाचा एकदम दुखतायत, सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली, असं असलं तर दुखणं पायाचं नसून मणक्याच्या संधिवाताचं असू शकतं, अशी पोरं टाचेचे शेक घेत वर्ष वर्ष काढतात म्हणे.

मग एक प्रश्न असा आला की मी जरा गडबडले. मे महिन्याच्या सुट्टीत कमी झालं होतं का? मी पटकन हो म्हणणार होते कारण माझ्या डोक्यात हे शाळेत उभं राहण्याचं दुखणं असंच होतं, पण आठवून बघितलं तर सुट्टीत जास्त दुखलं होतं. ते म्हणाले घरात काय घालता पायात? काही नाही. फरशी कसली? टाईल्स, आम्ही मागच्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला नवीन फ्लॅटमध्ये आलो ना. आणि जुन्या घरात? जुन्या घरात शहाबादी फरशी होती, थंडीत पाय गार पडायचे म्हणून मी घरात स्लीपर घालायचे, नवीन घरात पांढऱ्याशुभ्र टाईल्स, डाग पडतात म्हणून मीच सगळ्यांना घरात चप्पल बंद केली होती. मे मध्ये तृतीया, सप्टेंबरात गणपती. मी गप्प बसले. डॉक्टर पण काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेतलं.

त्यानंतर ते उठले आणि स्वतः दाराबाहेर जाऊन माझ्या चपला घेऊन आले. मला इतकं कसंतरी झालं, डॉक्टर माणूस माझ्या चपला हातात धरून उभा. उलट्या करून तळ बघितला, टाचेची कड कुठल्या बाजूने झिजलीये ते, मग दोन्ही हातांनी चप्पल ओलं धुणं पिळतात तशी पिळली. ती पिळली गेली. म्हणाले चांगल्या चपलेने अशी वळायला नाही पाहिजे, फक्त बोटांपाशी वाकली पाहिजे. साडेतीनशेची चप्पल होती, मऊ म्हणून घेतलेली. मऊ म्हणजे पायाला चांगली असं मला वाटायचं.

मग तपासणी. सलवार गुडघ्यापर्यंत वर घ्यायला लावून आधी नुसतं चालवलं, दारापर्यंत आणि परत, दोनदा. मग पाठमोरं उभं केलं आणि मागून घोटे बघितले. मागून बघितल्यावर करंगळीकडची किती बोटं बाहेर दिसतात ते मोजतात, एका पायाला जास्त दिसली तर कमान खाली बसत चालली आहे असं समजतात. मग एका पायावर चवड्यावर उभं राहायला लावलं, भिंतीला हात टेकून. ते मला जमलं. नाही जमलं तर आतल्या घोट्याच्या मागून जाणारी जी शीर कमान उचलून धरते ती गेली का ते बघावं लागतं.

मग टेबलावर झोपवून त्यांनी अंगठ्याने पूर्ण पाऊल चाचपून काढलं, आणि हे मी बारकाईने सांगते कारण माझ्या मते खरं निदान इथे झालं. त्यांनी दुखऱ्या जागेपासून सुरुवात नाही केली, लांबून केली. बोटांच्या मधल्या फटी दाबल्या, तिथे नसेची गाठ होते, तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्ये जास्त करून, आणि चवडा दोन्ही बाजूंनी दाबला की कधी कधी आत टक् असं लागतं म्हणे. माझं काही टक् झालं नाही. अंगठ्याचा सांधा वाकवून बघितला. मग टाच दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून लिंबू पिळल्यासारखी दाबली, असं दाबून कळ आली तर टाचेच्या हाडातच चीर असू शकते. नाही आली. टाचेच्या मागे पोटरीची शीर जिथे चिकटते तिथे दाबलं, तिथेही काही नाही. आतल्या घोट्याच्या मागे बोटाने टकटक केलं, तिथून तळपायाची नस जाते, तिथे वाजवल्यावर करंट तळपायात गेला तर नस दाबली गेलीये. नाही गेला. आणि मग शेवटी अंगठा त्या जागेवर आला, टाचेच्या तळाशी आतल्या बाजूला, आणि मी टेबलावरून जवळजवळ उठून बसले. तोंडातून काय निघालं ते लिहिण्यासारखं नाही.

ते म्हणाले सॉरी, अजून एकदा. पायाचा अंगठा हाताने वर, माझ्याकडे, ओढून धरला. असा ओढला की तळपायाचा तो पट्टा सतारीच्या तारेसारखा ताठ होतो, बाहेरून बोटाला लागतो. ताठ केल्यावर टाचेतली तीच कळ परत. या ताणण्याला विंडलास म्हणतात, जुन्या जहाजांवर दोर गुंडाळून नांगर वर घ्यायचं चाक असायचं ते विंडलास. अंगठा म्हणजे ते चाक आणि पट्टा म्हणजे दोर. हिक्स नावाच्या डॉक्टरांनी १९५४ मध्ये हे मांडलं. प्रत्येकाचं दुखणं या चाचणीत उमटतंच असं नाही, पण उमटलं तर संशयाला फार जागा राहत नाही. माझं उमटलं. मग गुडघा सरळ ठेवून पाऊल वर दाबलं आणि गुडघा वाकवून दाबलं, सरळ असताना पाऊल वर येतच नव्हतं, वाकवल्यावर येत होतं. म्हणजे पोटऱ्या आखडल्यात. पोटरी आखडली की टाचेवरचा, पट्ट्यावरचा ताण वाढतो.

प्लांटर फॅशिआयटिस. निदान हे. बोली भाषेत टाचदुखी, संपलं. शेवटचं आयटिस म्हणजे दाह, पण दुखणं जुनं झालं की तिथे दाह फारसा नसतो, पट्ट्याचे धागे झिजलेले, विस्कटलेले असतात, म्हणून पेनकिलरने चार दिवस बरं वाटतं आणि परत येरे माझ्या मागल्या.

मी म्हटलं आणि हाड वाढलंय त्याचं काय? एक्सरे बघितलाच नाही तुम्ही.

आता त्यांनी पाकीट उघडलं. पहिल्या हॉस्पिटलने दोन्ही टाचांचा एक्सरे काढला होता, हे मला माहीत होतं पण त्याचा कधी विचार केला नव्हता. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी उजेडाला लावले आणि म्हणाले, तुमचा दुखरा पाय ओळखा. मी म्हटलं हा, काटा मोठा दिसतोय तो. तर तो डावा होता. डावा पाय, ज्याने मला आयुष्यात कधी त्रास दिला नाही, त्याचा काटा मोठा. उजव्याचा बारीक. टाच अजिबात दुखत नाही अशा कितीतरी माणसांच्या एक्सरेत हा काटा सापडतो, आणि टाच दुखणाऱ्या बऱ्याच जणांना तो नसतोच. वर्षानुवर्षांच्या ताणाने तिथे हाड जरा वाढतं, पण ते टोचत वगैरे नाही. मग एक्सरे काढूच नये का? तसं नाही, फ्रॅक्चरचा संशय असेल, मार लागला असेल, तपासताना काही वेगळं लागलं असेल तर काढतात, आणि पावलाचा असेल तर शक्यतो उभं करून, भार देऊन काढतात. पाऊल झोपून चालत नाही ना, झोपवून काढलेल्या फोटोत कमानीचं खरं कळत नाही. पट्टा बघायचा तर सोनोग्राफी, जाडी ४ मिलिमीटरच्या वर गेली की पट्टा सुजलाय असं धरतात. मला ती करायची का म्हटलं तर म्हणाले गरज नाही, तीन महिने सांगितलेलं करा, फरक नाही पडला तर करू.

युरिक ॲसिडचं विचारलं तर हसले. गाऊट सहसा पायाच्या अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यात येतो, रातोरात, सांधा लालभडक, पांघरूणाचा स्पर्श सहन होत नाही. तुमच्यासारखा सकाळी दहा पावलं येऊन जात नाही. नुसता आकडा वाढला म्हणजे गाऊट नाही आणि उलट ऐन ॲटॅकमध्ये आकडा नॉर्मल पण येऊ शकतो. पक्कं करायचं तर सांध्यातलं पाणी सुईने काढून मायक्रोस्कोपखाली सुईसारखे खडे दिसतात का ते बघतात. दोन महिन्यांचं वरण माझं फुकट गेलं. त्या दिवशी घरी जाऊन मी तूप घालून दोन वाट्या ओरपलं, लिहून ठेवते.

मध्येच एक सांगते, याच डॉक्टरांकडे नंतर मी भाच्याला नेलं. नणंदेचा मुलगा, पोलीस भरतीची तयारी करायला आमच्याकडे राहायला आलाय. साताऱ्यात ही पोरं पहाटे रस्त्यावर दिसतातच तुम्हाला, १६०० मीटरचं टायमिंग मारत. हा गावाकडे आठवड्यातून दोनदा पळायचा तो इथे येऊन एकदम रोज, सकाळ-संध्याकाळ, डांबरी रस्त्यावर. तीन आठवड्यांनी पावलाच्या वरच्या बाजूला दुखायला लागलं. एका ठिकाणी एक्सरे काढला, नॉर्मल, लचकलंय म्हणून स्प्रे आणि बँडेज. पण पळाला की वाढायचं, थांबला की कमी, म्हणजे माझ्या बरोबर उलटं, आणि आता मला एवढं कळत होतं की उलटं म्हणजे वेगळं काहीतरी. डॉक्टरांनी त्यालाही तेच सांगितलं, एका बोटाने दाखव, आणि त्याने बोट ठेवलं ते दुसऱ्या बोटाच्या मागच्या लांब हाडावर, अगदी एका टिंबावर. म्हणाले हे मार्च फ्रॅक्चर. मार्च म्हणजे महिना नाही, कवायत. प्रशियाच्या लष्करातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५ मध्ये सैनिकांच्या सुजलेल्या पायांचं लिहिलं होतं, लांब लांब चालवून हाडाला बारीक चीर जाते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ही चीर साध्या एक्सरेत दिसतच नाही बऱ्याचदा. एमआरआयमध्ये दिसते, पण त्यांनी विचारलं खर्च करायचाय का, कारण उपचार तोच आहे, पळणं बंद, कडक तळाचा बूट. तीन आठवड्यांनी परत एक्सरे काढला तर हाडाभोवती कापसासारखा ढग, नवीन हाड भरून येत होतं तो. पोरगं आधी रडलं, भरती गेली म्हणून, पण आता चालतंय, हळूहळू पळायला पण लागलंय.

आता जे सांगायला मी खरं तर लिहायला बसले ते.

माझ्या दुसऱ्या व्हिजिटला सासूबाई बरोबर आल्या होत्या. आई ७१ वर्षांच्या, माळकरी, शुगर चौदा वर्षांपासून, गोळ्यांवर. त्यांचं काही दुखत नव्हतं, बाजारातून येताना नुसत्या सोबत आल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर चप्पल काढून बसल्या. डॉक्टर माझा पाय बघत होते आणि मध्येच थांबून म्हणाले, आजी, पायाला काय झालंय? आई म्हणाल्या कुठं काय. डॉक्टर खाली बसले, त्यांची टाच हातात घेऊन वळवली, आणि मला दाखवली. रुपयाच्या नाण्याएवढा फोड, फुटलेला, कडा पांढऱ्या पडलेल्या.

वीट. माझी वीट. रात्री मी झोपायला गेले की आई त्याच विटेवर पाय शेकत होत्या, चांगला आठवडाभर. का, तर रात्री तळपायांची आग होते, मग शेकल्यावर बरं वाटतं. पान त्या ठेवायच्या नाहीत, पान ठेवल्यावर त्यांना ऊब लागत नाही म्हणून. ऊब लागत नाही!! हे वाक्य त्यांनी मला पण सांगितलं होतं आधी एकदा, मी म्हटलं होतं मग जरा जास्त तापवा.

डॉक्टरांनी माझं बाजूला ठेवलं आणि आईंना टेबलावर घेतलं. एक नायलॉनचा जाडसर धागा काढला, हँडलला लावलेला, पतंगाचा मांजा नाही का तसा. तो धागा वाकेपर्यंत टेकवला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटा आजी, लागलं की हो म्हणा. अंगठा, चवडा, टाच, एकेक जागी टेकवत गेले. आई गप्प. चवड्यावर तीन ठिकाणी टेकवलं, आई गप्प. मग डॉक्टर काहीच न करता नुसते थांबले आणि आई म्हणाल्या, हो. मला हसू पण आलं आणि पोटात गोळा पण. मग ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्याच्या हाडावर धरला, कंप जाणवतो का, तो आईंना लगेच थांबला वाटायचा आणि डॉक्टरांच्या हाताला अजून जाणवत असायचा. पावलाच्या वरची आणि घोट्याच्या मागची नाडी बघितली, त्या दोन्ही चांगल्या लागल्या, म्हणजे रक्तपुरवठा शाबूत, एवढं एक बरं. नाड्या नसत्या लागल्या तर घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून तुलना करावी लागते, घोट्याचं दंडाच्या ०.९ पटीपेक्षा कमी आलं तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात असं धरतात. दोन्ही पावलांवर हाताची मागची बाजू ठेवून एक जास्त गरम आहे का ते पण बघितलं. शुगरवाल्यांचं एक पाऊल अचानक गरम, लाल, सुजलेलं आणि फारसं दुखत नाही, असं झालं तर आतली हाडं खचत असू शकतात, त्या दिवशीच्या त्या दिवशी यायचं असं मला दोनदा बजावलं. रक्तात बी१२ बघायला सांगितलं, कारण पूर्ण शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (त्यांची शुगरची गोळी), दोन्हीने ते कमी होतं आणि बी१२ कमी असलं तरी पायाची आग होते, सगळं शुगरच्या डोक्यावर मारून चालत नाही. ते १४० निघालं, कमीच. मग त्याची इंजेक्शनं.

मी म्हटलं डॉक्टर, मी नऊ महिने बोंबलतेय आणि ह्यांचं तर दुखत पण नाही. ते म्हणाले म्हणूनच. तुमच्या टाचेची मला काळजी नाही, ती दुखली की तुम्ही पाय उचलता. ह्या उचलत नाहीत. मग त्यांनी वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांचं सांगितलं, ते १९४६ मध्ये तिथे आले, पुढे कुष्ठरोग्यांचे हातपाय बघायला लागले आणि त्यांनी दाखवून दिलं की बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत, बधिर झाल्यामुळे भाजतं, कापतं, घासतं आणि कळत नाही, त्याने जातात. हा नायलॉनचा धागा कुष्ठरोगाच्या दवाखान्यांत पण वापरतात. आई टेबलावर झोपून हे सगळं ऐकत होत्या. कुष्ठरोग हा शब्द ऐकून त्या उठून बसल्या, त्यांना समजावून सांगायला डॉक्टरांना आणखी दहा मिनिटं लागली.

फोड भरायला पाच आठवडे लागले. रोज ड्रेसिंग. आईंचं सगळ्यात मोठं दुःख की या वर्षी वारी चुकली, त्या दर वर्षी लोणंद ते फलटण माऊलींच्या पालखीबरोबर चालतात, चपला हातात घेऊन. डॉक्टरांनी पुढच्या वर्षीचं पण सांगून टाकलं, चालायला माझी ना नाही, पण अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. आईंनी विचारलं देवळात? डॉक्टर म्हणाले देवळात मोजे. त्यावर आमच्या घरात तीन दिवस चर्चा चालली होती.

माझं म्हणाल तर, घरात चप्पल आली. स्वयंपाकघरात वेगळी, धुतलेली, देवघराच्या उंबऱ्याबाहेर काढायची. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी पाय मांडीवर घेऊन बोटं वर ओढून दहा अंक मोजायचे, असं दहा वेळा, आणि पोटऱ्या ताणायच्या भिंतीला टेकून. पहिला महिना काही फरक नाही, मी वैतागून दोनदा सोडलं पण. गणपतीपर्यंत निम्मं झालं आणि आता कधीतरी येते कळ, जास्त करून लग्नाकार्यात दिवसभर उभं राहिलं तर. नववी बचा तो मुलगा आता दहावीत गेलाय, नक्कल अजून करतो, म्हटलं बाबा अपडेट कर.

आणि रात्री आईंचे तळपाय मी बघते, मोबाईलचा टॉर्च लावून, बोटांच्या बेचक्यांत पण. आधी त्यांना सुनेने पाय हातात घेतलेले बरं वाटायचं नाही, आता जेवण झालं की स्वतःच पाय पुढे करून बसतात. लोणंदला या वर्षी पालखीचं दर्शन घ्यायला मीच गाडीने घेऊन गेले त्यांना, पायाला बँडेज, वर बूट, मुक्कामाच्या तंबूत त्यांच्या दिंडीतल्या बायकांमध्ये बसवलं. अर्ध्या तासाने चहा घेऊन येते तर आई मध्ये बसलेल्या, एक मावशी त्यांच्यापुढे पाय लांब करून, आणि आई विचारतायत, सकाळी उठल्या उठल्या दुखतंय का चालून चालून? मावशी म्हणाल्या सगळीकडंच दुखतंय बाई. आई म्हणाल्या तसं नाही, एका बोटानं दाखव.

वीट मी फेकून देणार होते. आईंनी टाकू दिली नाही, म्हणाल्या विटेवर तो पांडुरंग उभा आहे, वीट काय टाकायची. आता ती गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. परवा कुंडीला पाणी घालता घालता म्हणत होत्या, अठ्ठावीस युगं अनवाणी, त्याची टाच कुणी बघितलीय का.